आईचे फोटो मी दाखवले नाहीत

पुण्याला जाताना माझा फोन जवळजवळ रिकामा होता. ते मी ठरवून केलं होतं. मी सिडनीजवळ पॅरामॅटाच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. आमच्या टीममधली दिल्लीची मैत्रीण या बाबतीत फार काटेकोर. करोनाचं पहिलं वर्ष होतं. ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलासुद्धा सरकारची परवानगी लागत होती आणि आईच्या कॅन्सरचे रिपोर्ट जोडल्यावर मला ती मिळाली होती. निघायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीने व्हिडिओ कॉल केला आणि पहिलं हेच विचारलं, "फोन खाली किया?"

"माझ्या फोनमध्ये काय आहे गं?" मी म्हटलं.

"वही तो. कुछ है नहीं, फिर भी पूरी तू है उसमें. बॉर्डर पे माँग सकते हैं."

तिच्या सांगण्यावरून मी ऑफिसचा लॅपटॉप घरीच ठेवला. ईमेलमधून, बँकेच्या ॲपमधून लॉग आउट केलं. फोटो घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून फोनवरून काढून टाकले. बोटाच्या ठशाने फोन उघडायची सोय बंद केली. "उतरायच्या आधी फोन पूर्ण बंद करायचा, नुसता लॉक नाही," हेही तिने बजावलं होतं. जाताना मला कुणीही काहीही विचारलं नाही.

मी पोचले तेव्हा आई पलंगाला खिळलेली होती. घरात ती आणि बाबा दोघंच. केमोने केस गेले होते. ती डोक्याला सुती स्कार्फ बांधायची आणि मी खोलीत आले की तो आधी चाचपून बघायची. माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या काळात अर्ध्या शहराचं बोलणं तिच्या कानांवरून गेलं असेल, पण घरी येऊन तिने त्यातला एक शब्द कधी सांगितला नाही. लहानपणी मी खोदून खोदून विचारायचे. ती म्हणायची, "ते आपल्याशी बोलत नव्हते." स्वतःच्या बाबतीतही ती तशीच होती. साडी बदलताना मलासुद्धा बाहेर काढायची. आजारपणाचं शेजारी कळू दिलं नाही.

पडून पडून तिच्या कंबरेखाली जखम झाली होती. फॅमिली डॉक्टर स्वतः सत्तरीचे. लॉकडाऊन, त्यात त्यांना दमा. घरी येणं त्यांना शक्य नव्हतं. ते म्हणाले, "रोज जखम धुतल्यावर फोटो काढून मला पाठव. मी बघून ड्रेसिंग सांगतो."

आईला हे सांगणं सोपं नव्हतं. ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग म्हणाली, "चेहरा येतो का त्यात?"

"नाही येत."

"येऊ देऊ नकोस. आणि डॉक्टरांशिवाय कुणी बघायचे नाहीत. तुझ्या नवऱ्यानेही नाही. बाबांनीही नाही."

"नाही बघणार कुणी."

त्या दिवसापासून रोज सकाळी अंग पुसून झालं की मी तिला कुशीवर वळवायचे, एका हाताने धरायचे आणि दुसऱ्या हाताने फोटो काढायचे. ती डोळे मिटून घ्यायची. कधीकधी चेहरा यायचाच. मग तो फोटो मी पाठवायचे नाही, दुसरा काढायचे. पण पहिला पुसायला तेव्हा हात मोकळा नसायचा. असे कितीतरी जमा झाले. त्यांच्यातच मध्ये मध्ये दुसरेही होते: आई खिडकीतून बघतेय, आई माझ्या मुलीशी व्हिडिओवर बोलताना हसतेय, आईच्या हातात संत्र्याची फोड.

ती गेली तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीत आम्हाला चौघांनाच जाऊ दिलं. पाठोपाठ विमान कंपनीचा मेसेज आला. परतीच्या खास विमानात माझी सीट लागली होती, तेराव्याच्या आधीची. ती सोडली तर पुढची कधी, हे कुणी सांगू शकत नव्हतं. सिडनीत, गिरावीनच्या घरी, माझी सात वर्षांची मुलगी महिनोन् महिने मला स्क्रीनवर बघत होती आणि हल्ली कॉलवर यायला कंटाळत होती. बाबाच म्हणाले, "जा तू. तेराव्याला फोनवर ये. फोन आहेच ना आपला." चुलतभाऊ सगळं बघणार होता.

विमानात मी फोन काढून ते फोटो पुसायचा प्रयत्न केला. पुसायचा म्हणजे एकेक उघडून बघायचा, कारण ठेवायचे आणि काढायचे एकातएक मिसळलेले होते. दोन उघडले आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला. तेव्हा ते मला झेपणारं नव्हतं. उतरायच्या आधी मात्र तो पूर्ण बंद केला. तेवढं लक्षात राहिलं.

सिडनीला सकाळी उतरलो. सगळे मास्कमध्ये, कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यांवर प्लास्टिकच्या ढाली. ताप बघितला, चौदा दिवसांच्या सक्तीच्या क्वारंटाइनसाठी हॉटेलच्या बसकडे नेणार म्हणून रांगेत उभं केलं. तिथून एका अधिकाऱ्याने मला बाजूला बोलावलं. माझ्याच वयाचा असेल. बॅग उघडली, आईच्या दोन साड्या होत्या, त्या नीट होत्या तशा परत ठेवल्या. मग म्हणाला, "फोन प्लीज. आणि पासकोड यावर लिहून द्या." कागदाचा चिटोरा पुढे सरकवला.

"का?"

"रुटीन तपासणी आहे. काही प्रवाशांची करतो."

"पासकोड देणं सक्तीचं आहे का?"

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मास्कच्या वर आम्हा दोघांचे फक्त डोळे होते. "सक्ती नाही," तो म्हणाला. "पण दिला नाहीत तर फोन आम्ही तपासणीसाठी ठेवून घेऊ शकतो. त्याला दिवस लागतात."

मी पेन हातात घेतलं होतं. खोटं कशाला सांगू, पहिला आकडा लिहिलाही. माझा नागरिकत्वाचा अर्ज पडून होता आणि त्याच्यावर याचा काही परिणाम होईल का, हेच डोक्यात घुमत होतं. मग डोळ्यांसमोर आलं की हा माणूस गॅलरी उघडेल. सगळ्यात वर शेवटचे फोटो असतील. तो अंगठ्याने वर सरकवत जाईल.

"त्यात माझ्या आईचे फोटो आहेत," मी म्हटलं. "आजारपणातले. डॉक्टरांसाठी काढलेले. ती गेल्या आठवड्यात गेली."

"आय'म सॉरी," तो म्हणाला, आणि मला वाटतं ते मनापासून होतं. "आम्ही असं बरंच काही बघतो. तिकडे लक्ष देणार नाही आम्ही."

हे तो मला धीर द्यायला बोलला. पण त्यानेच माझं ठरलं. मी पेन खाली ठेवलं. "मी नाही देणार."

"शुअर?"

"हो."

त्याने आवाज चढवला नाही. फोन पारदर्शक पिशवीत घातला, पिशवीला सील लावलं, पावती दिली. "नो वरीज," म्हणाला आणि पुढच्या माणसाला हात केला. मी बसमध्ये चढले आणि सवयीने पर्समध्ये फोन शोधला.

हॉटेलची खोली बरी होती, पण खिडकी उघडत नव्हती. दाराबाहेर कागदी पिशवीत जेवण ठेवून दार वाजवायचे आणि आपण उघडेपर्यंत तिथे कुणी नसायचं. टेबलावर एक फोन होता. तो उचलला तेव्हा समजलं की मला जगात एकच नंबर पाठ आहे, नवऱ्याचा. बाबांचा नंबर मी कधी पाठच केला नव्हता. नाव दाबलं की लागायचा.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, द्यायचा ना पासकोड. लपवण्यासारखं काय होतं तुझ्याकडे?"

"माझ्याकडे नव्हतं."

"मग?"

"आईकडे होतं."

"पण त्या आता..." पुढचं त्याने गिळलं. त्याचा राग मला समजत होता. एकट्याने घर, नोकरी आणि मुलीची ऑनलाइन शाळा सांभाळून तो पार थकला होता. "फक्त एवढंच म्हणतोय की आता तेराव्याला काय करायचं?"

मुलीचा टॅब हॉटेलच्या रिसेप्शनवर आणून द्यायचं ठरलं. त्याने त्याच दिवशी दिला, पण सामानाची तपासणी आणि निर्जंतुकीकरण यांत तो कुठेतरी अडकला. रोज फोन करून चौकशी करणाऱ्या नर्सलाही मी विचारलं. ती म्हणायची, "येईल, येईल. ताप? खोकला? मूड कसा आहे?" मूडचं मी दर वेळी ठीक म्हणून सांगितलं.

टॅब आला तोवर तेरावं होऊन गेलं होतं.

ते असं झालं. खोलीतल्या फोनवरून भारतात कॉल लागत नव्हता. नवऱ्याने त्याच्या मोबाइलवर पुण्याचा व्हिडिओ कॉल घेतला आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या दुसऱ्या मोबाइलवरून माझ्या खोलीतला फोन लावला. दोन्ही एकमेकांना टेकवून धरले. मला दिसत काहीच नव्हतं. गुरुजींचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. मध्येच भांड्याचा आवाज. चुलतभाऊ कुणाला तरी म्हणाला, "पान इकडे ठेव." मग बाबा. अगदी जवळून.

"ती कुठेय? ती दिसत का नाही?"

"आहे बाबा, ऐकतेय ती," नवरा म्हणाला.

"दिसत का नाही पण?"

"तिचा फोन नाहीये तिच्याकडे. नंतर सांगतो."

मी इकडून ओरडले, "बाबा, मी आहे. मी ऐकतेय." पण माझा आवाज दोन फोनांमधून पलीकडे पोचला नसावा, कारण बाबा तिसऱ्यांदा तेच विचारत होते. नंतर ते काही विचारेनासे झाले. वाढप सुरू झालं असणार. माझ्या मुलीचा आवाज आला, "डॅडी, इज आजी गॉन नाउ?" आणि नवऱ्याने फोन बाजूला घेतला.

त्या दुपारी दाराबाहेर आलेल्या पिशवीत पास्ता होता. तो मी खाल्ला.

हॉटेलमधून सुटून घरी आले. मुलगी दारात उभी होती. धावत आली नाही. आधी विचारलं, "आर यू अलाउड टू हग?" मी हो म्हटल्यावर आली.

फोन आणखी काही दिवसांनी परत मिळाला. तो घ्यायला नवऱ्याबरोबर गेले. काचेपलीकडे एक बाई होती. तिने सही घेतली आणि पिशवी पुढे केली. माझ्या आठवणीत सील आधी होतं तसंच होतं, पण खात्रीने नाही सांगता येणार.

"तुम्हाला तो उघडता आला का?" मी विचारलं.

"त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

"फक्त हो की नाही एवढंच."

"सॉरी, लव्ह," ती म्हणाली. बिचारीला खरंच माहीत नसेल.

घरी चार्जिंगला लावला. बऱ्याच वेळाने सुरू झाला आणि पाठोपाठ मेसेज येत राहिले. त्यात बाबांचे मिस्ड कॉल होते, तेराव्याच्या दिवसाचे, ओळीने. मी बेडरूमचं दार लावून घेतलं आणि विमानात अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं. प्रत्येक फोटो उघडला, बघितला, जखमेचे तेवढे काढून टाकले. डॉक्टरांबरोबरचं चॅट पुसलं. काढलेले फोटो आणखी एका फोल्डरमध्ये काही दिवस पडून राहतात, तोही रिकामा केला. डॉक्टरांना फोन करून त्यांच्याकडचेही काढायला सांगितले. ते म्हणाले, "अगं, मी तर कधीच काढले. ती गेली त्याच दिवशी." हे ऐकून मला रडू आलं. विमानतळावर आलं नव्हतं.

तरी शांत वाटलं नाही. मी ज्या क्षेत्रात आहे तिथे मला एवढं कळतं की कुठे प्रत उरली का, याचं उत्तर आपल्याला मिळत नसतं. ऑफिसच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "तूने सही किया." मी तिला विचारलं, तू काय केलं असतंस? ती म्हणाली, "पता नहीं यार. शायद दे देती."

बाबांना खरं कारण सांगायला मला फार दिवस लागले. सांगायचं म्हणजे त्यांना हेही सांगायला हवं होतं की असे फोटो होते आणि आईने ते त्यांच्यापासूनही लपवायला सांगितलं होतं. शेवटी एका रविवारी सांगितलं. कॉलवर ते खुर्चीत बसले होते आणि आईचा पलंग मागे दिसत होता. तो त्यांनी अजून हलवला नव्हता.

सगळं ऐकून घेतल्यावर ते चष्मा काढून पुसत राहिले.

"तिला ते चाललं नसतं," ते म्हणाले. "परक्या माणसाने बघितलेलं. खरं आहे."

"हो ना बाबा."

"बरं केलंस." मग कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाले, "पण त्या दिवशी मला तू हवी होतीस. पान वाढलं आणि घरचं असं कुणी नव्हतंच."

 सीमा पुढे वर्षभराहून जास्त बंद राहिली. आम्ही दर रविवारी बोलत होतो. जेवण काय केलं, औषधं आणली का, हवा कशी आहे. तेराव्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.