श्रावणाचा तिसरा दिवस

आमच्याकडे किस्से जमवावे लागत नाहीत, ते स्ट्रेचरवरून येतात. मानपाड्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी अटेंडंट आहे. फार्मसी अर्धवट सोडली तेव्हा नातेवाइकांतल्या सगळ्या मोठ्यांनी सांगितलेलं, आता तुझं काही होत नाही. आता त्यांच्याच वयाचे लोक माझा खांदा धरून संडासला जातात.

सगळ्यात जास्त गर्दी श्रावणात. गटारीला गळ्यापर्यंत प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून थेंब नाही. वर्षभर सकाळ-संध्याकाळ पिणारा माणूस हे करतो आणि घरच्यांना वाटतं, देव पावला. तिसऱ्या दिवशी त्याला दोघंतिघं धरून आमच्याकडे आणतात.

आमच्या डॉक्टर मॅडम प्रत्येकाच्या घरच्यांना तेच समजावतात. मेंदूत काही रिसेप्टर ब्रेकचं काम करतात. गाबा नावाचं रसायन हे ब्रेक दाबतं. दारू हाच ब्रेक आणखी जोरात दाबते. वर्षानुवर्षं तसं झालं की मेंदू स्वतःचे ब्रेक काढून टाकतो, बाहेरून कोणीतरी दाबतंयच की. मग एक दिवस दारू एकदम बंद. गाडी उताराला आणि ब्रेक गायब. हात थरथरतात, फिट येते, नसलेली माणसं दिसतात, जीवही जातो. म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन.

हे सगळं ऐकून एका सासरेबुवांनी विचारलं, "म्हणजे जावयाची इच्छाशक्ती कमी पडली, असंच ना?"

* * *

ब्रेक गेलेली माणसं बरेचदा आपलं कामच करत बसतात. एक रिटायर्ड कंडक्टर होते. बेडच्या मधून "पुढे सरका, पुढे सरका" करत तिकिटं फाडत फिरायचे. हातात काही नाही, पण अंगठा बरोबर चालायचा.

कोपऱ्यातल्या रिकाम्या बेडपाशी थांबून त्यांनी एक फुल, एक हाफ फाडलं.

मी म्हटलं, "काका, इथे कोणीच नाहीये."

"बाईच्या मांडीवर पोर आहे ना. जरा हळू बोल, आत्ता झोपलंय."

त्या बेडची चादर मी आजही पटकन बदलतो.

* * *

एक मुख्याध्यापक आलेले. भिंतीकडे बघून हजेरी घ्यायचे. प्रत्येक नावानंतर थांबायचे, ऐकायचे, मान डोलवायचे. मग मधेच माझं नाव घेतलं. मी त्यांना नाव कधी सांगितलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "सर, मी इथेच उभाय."

माझ्यातून आरपार बघत म्हणाले, "गैरहजर. हा आता येत नाही."

शुद्ध हरपते, पण अपमान करायची सवय जात नाही.

* * *

डोंबिवलीचे एक टेलर होते. त्यांनी एका बेडवर बसून दिवसभर हवेत सदरा शिवला. दाताने दोरा तोडला, झटकला, घडी करून उशीखाली ठेवला. बरे होऊन घरी गेले.

मग त्याच बेडवर विठ्ठलवाडीचा एक रिक्षावाला आला. टेलरला त्याने जन्मात बघितलेलं नाही. तिसऱ्या दिवशी उघड्या अंगाने गळ्यापाशी ओढाताण करायला लागला, "कोणी शिवलाय हा? आवळतोय साला!"

मी गंमत म्हणून टेलरला फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडे शिलाई मशीन थांबलं.

मग ते म्हणाले, "गळ्यात कापड कमीच पडलेलं."

* * *

आता आमचे बाबा. कळव्याला आमच्या भागात पाणी सोडायचं काम त्यांचं. लांब लोखंडी चावी घेऊन रस्त्यातल्या चेंबरवर वाकायचं आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. अख्खी वस्ती त्यांच्या भरवशावर आणि ते क्वार्टरच्या.

यंदा गटारीच्या सकाळी मी त्यांना मॅडमचं सगळं सांगितलं. लगेच समजले. "बंद लाइनचा व्हॉल्व्ह एकदम उघडला की पाइप फुटतो. तसंच ना? चल, उद्या येतो तुझ्या मॅडमकडे."

तेवढ्यात अण्णाकाका आले, बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी बाबांच्या हातावर बेलाचं पान ठेवलं. "उद्यापासून थेंब नाही. शपथ घे."

"अण्णाकाका, मरतील ते. दवाखान्यात नेऊ या."

"कॉलेज पुरं करवलं नाही आणि आम्हाला अक्कल शिकवतोस?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि पानावर मूठ मिटली. थोरल्या भावापुढे हा माणूस प्यायल्याशिवाय कधी बोललाच नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णाकाकाच त्यांना घेऊन आले. फिट येऊन गेलेली, जीभ चावलेली. मॅडमनी इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला घेतलं. "आजची दुपार निघायला हवी. नाडी खाली येत नाहीये."

त्या दिवशी केंद्राच्या भागात पाणी बंद होतं. सकाळपासून नळ कोरडे, सगळं टँकरवर.

दुपारी बाबा उठून बसले, बेडवरून खाली वाकले आणि दोन्ही हातांनी हवेत चावी फिरवायला लागले. घामाने निथळत, भराभरा.

अण्णाकाका स्टुलावरून ओरडले, "आवर लवकर आणि झोप."

बाबांचे हात थांबले. "अण्णा, तू मधे पडू नकोस. लाइन भरू दे."

शुद्धीत असते तर हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालंच नसतं. मग ते हळू फिरवायला लागले. थोडं फिरवायचं, थांबायचं, कान देऊन ऐकायचं. ते पडतील म्हणून मी त्यांच्या हातांवर हात ठेवले. हवा होती, पण जड होती. जोर लावावा लागत होता.

"पोरा, घाई नको," बाबा म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून फिरवलं.

"आलं," असं म्हणून ते आडवे झाले. मॅडमनी मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. नाडी उतरत होती. बाबांना झोप लागली.

तेवढ्यात बाथरूममधला नळ खाकरला. आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ धार.

अण्णाकाकांनी पाय स्टुलावर घेतले. "आज पाणी बंद होतं ना?"

झाडूवाल्या मावशींनी शांतपणे नळाखाली बादली सरकवली आणि मला म्हणाल्या, "तुझ्या वडलांना सांग, एवढ्यात बंद नका करू. अजून दोन पिंपं भरायची आहेत."