खापरखेड्याचा हीटर

लोक काशीला जाऊन येतात, परदेशी जाऊन येतात आणि मग लिहितात. मी निवृत्त होऊन खापरखेड्याहून सक्करदऱ्याला आलो, म्हणजे नागपूरच्या पलीकडच्या टोकाला, इतकंच. पण एवढा दमवणारा प्रवास मी जन्मात केला नव्हता.

थंडीच्या सुरुवातीला सामानाचा ट्रक निघाला. पुढे ड्रायव्हरजवळ मी आणि माझी बायको सुमन. तिच्या मांडीवर विजेचा हीटर होता. मी वीजकेंद्रात बॉयलरवर होतो. कॉलनीत विजेचे पैसे नावापुरते कापले जात, त्यामुळे घरोघरी स्वयंपाक हीटरवरच व्हायचा. केंद्राची चिमणी दिसेनाशी होईपर्यंत सुमन मागे वळून पाहत होती. मी पाहिलं नाही. मान दुखत होती.

सक्करदऱ्यात तलावाजवळ माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सकाळी खिडकीतून तलाव दिसे आणि तलावात म्हशी. घरमालक तात्याजी खाली राहत. विजेचं पहिलं बिल आलं तेव्हा ते स्वतः जिना चढून वर आले.

"तुमच्या मीटरची चकरी थांबूनच नाही राहिली गा," ते म्हणाले. "लावून काय राहिले तुम्ही?"

"हीटर."

"दिवसभर?" तात्याजी खाटेवर बसलेच.

आम्हाला पेन्शन नाही. फंडाचे पैसे पोस्टात ठेवलेले, त्यांच्या व्याजावर महिना काढायचा. त्यातला मोठा घास या बिलाने घेतला. उभी हयात वीज तयार करण्यात घालवलेला माणूस विजेचं बिल पहिल्यांदाच हातात धरत होता. हसू यायला हवं होतं, आलं नाही. भिलाईचा आमचा मुलगा पहिल्यापासून म्हणत होता, तुमचं तिथे निभणार नाही, माझ्याकडे या. असे आणखी दोन महिने गेले तर बिऱ्हाड गुंडाळून त्याच्या लहानशा घरात जावं लागणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"हातपाय चालतेत तोवर मी कोणाच्या घरी जाऊन नाही राहत," सुमन म्हणाली. "तो हीटर काढा अगुदर."

दुसऱ्या दिवशी आम्ही लकडगंजला गेलो. जिकडे तिकडे आरामशिनी (लाकूड चिरण्याच्या गिरण्या), कानठळ्या बसवणारा आवाज, सागाचा वास आणि नाकातोंडात भुसा. हाच भुसा तिथे पोत्याने स्वस्त मिळतो, आणि तो जाळायची पत्र्याची शेगडीही. दुकानदाराने रीत दाखवली. मधे बाटली उभी करायची, भोवती भुसा भरायचा, बाटली अलगद उपसायची आणि खालून पेटवायचं.

"लय कच्चून (घट्ट) नका दाबू जी," तो म्हणाला.

"जिंदगी बॉयलरवर गेली माझी," मी त्याला ऐकवलं. "जाळ काय असते ते मले नको शिकवू."

बाहेर दोघांत एक आलूबोंडा (तुमच्याकडचा बटाटावडा) खाल्ला. सायकलरिक्षात पोतं, शेगडी आणि सुमन बसली. मला जागा उरली नाही, मी मागून चालत आलो.

घरी शेगडी मी भरली, अर्थातच कच्चून. धूर तात्याजींच्या देवघरापर्यंत गेला, पण जाळ काही केल्या धरेना. शेवटी सुमनने मला बाजूला सारलं, सगळा भुसा उपसला आणि हलक्या हाताने पुन्हा भरला. थोड्या वेळात भात रटरटू लागला. जेवताना मी भाताला धुराचा वास येतो म्हणालो. फार मनाला लागलं होतं.

चार दिवसांनी हीटर पिशवीत घालून मी खापरखेड्याची बस धरली. आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये आता भीमराव नावाचा तरुण ऑपरेटर राहतो, त्याला तो देऊन येतो, असं सुमनला सांगितलं. मनात वेगळंच होतं. साहेबांना भेटायचं आणि रोजंदारीवर का होईना, मला परत घ्या म्हणून हात जोडायचे.

भीमराव ड्युटीवर होता. त्याच्या बायकोने चहा केला. चहा उतरला तरी त्यांचा हीटर लालभडक जळतच होता, वर काहीच नव्हतं.

"आता पोळ्या कराच्याच हायेत काकाजी, कोण बंद करते," ती म्हणाली.

सुमनही असंच म्हणायची. मी उठून बटण बंद केलं आणि मग ध्यानात आलं की हे घर आता माझं नाही. ती हसली आणि आमचा हीटर तिने फळीवर ठेवला.

गेटवर पोचलो तेव्हा शिफ्ट सुटत होती. बॉयलरवरचा माझा जोडीदार रामभाऊ बाहेर आला आणि कठड्यावर बसला. तो पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहे. बुटाची नाडी सोडायलाही त्याला वाकवेना.

"काहून गा, करमत नाही?" त्याने विचारलं.

"साहेबाले भेटाचं होतं. काम मागाचं होतं."

"इथं? पुन्हा?" त्याने कोळशाच्या हाताने तोंड पुसलं. "मी सुटाची वाट पाहून राहिलो बाप्पा."

मी त्याच्या शेजारी टेकलो. गुडघे माझेही ठणकत होते. काम सुटलं म्हणून मी खचलो, असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं. मी थकलो होतो, कित्येक वर्षांचा, आणि ते कबूल करायला आजवर सवडच मिळाली नव्हती. साहेबांकडे न जाता मी परतीची बस पकडली.

सक्करदऱ्याला उतरलो तेव्हा गारठा पडायला लागला होता. सुमन दारातच उभी होती.

"काय म्हणाले साहेब?"

साहेबांचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

"भेटलो नाही."

"बरं केलं." ती आत वळली. "भाजी झाली. जाळ हाय अजून, तुमचं आंग धुवाचं पाणी ठेवते."

मोरीत पाटावर बसून मी पहिला तांब्या अंगावर घेतला. जन्मभर जाळ राखायचं काम माझं होतं. आज तो दुसऱ्या कुणी राखला होता आणि मला नुसतं बसायचं होतं. डोळे भरून आले. दुसरा तांब्या मी घाईने ओतला, सवयीने.

"सावकाश होऊ द्या," बाहेरून सुमन म्हणाली. "ड्युटी नाही आता."