तांबडी खार आणि माझा उलटा कोट

तळ्याकाठच्या या जंगलात मी पाहुण्यांना फिरवतो, म्हणजे मुख्यतः बोलतो. जमीनदारसाहेबांचा महाल जळाला, इस्टेट गेली, जंगल उरलं आणि त्यात मी. नोकर दिसून साहेबांच्या जेवणाची चव जाऊ नये म्हणून खोदलेलं भुयार दाखवतो. त्यातून माझा आजा जळण वाहायचा. मग सांगतो की मार्टन, म्हणजे झाडावर चढणारे मुंगसासारखे शिकारी प्राणी, परतले, त्यांनी परक्या करड्या खारींना पळवलं, म्हणून आपली तांबडी खार पुन्हा आली. इतका रंगात येऊन सांगतो की मी स्वतः ती कधीच पाहिलेली नाही, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

माझी थोरली बहीण अट्रॅक्टा बॉस्टनहून आली होती, आजारी. दुसऱ्या दिवशी परतायचं होतं आणि पुन्हा येणं होणार नव्हतं. दोघांनाही ठाऊक होतं.

"मॅलकी, बानं दाखवली होती तशी तांबडी खार एकदा बघायचीय रे."

"अगं, त्यात काय! जंगल म्हणजे आपलं अंगण!" मी म्हणालो. मेली जीभ!

आणि वाट चुकलो. जुन्या मातीच्या गढीला वळसा घालून पुन्हा पुन्हा त्याच बीचच्या झाडाशी येत होतो.

"त्यांच्या जागेवर पाय पडला तुझा," अट्रॅक्टा म्हणाली. 'त्यांचं', म्हणजे गढीत राहणाऱ्या, वाट चुकवणाऱ्या अदृश्य मंडळींचं, नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. "कोट उलटा घाल, वाट सापडेल." तिनं स्वतःचा केव्हाच उलटा घातला होता.

"हे खूळ मी पाहुण्यांना गंमत म्हणून सांगतो!"

"आणि वाट कोण चुकलंय? पाहुणे? घाल मुकाट्यानं, शहाण्या!"

बिल्ला लावलेल्या माझ्या ऐटबाज कोटाची चेन अडकली. डोक्यावरून ओढायला गेलो, तर फाटक्या अस्तरात मुंडकंच अडकलं. हात वर, तोंडात अस्तर.

"मॅलकी," ती अगदी हळू म्हणाली, "हलू नकोस. तुझ्यामागच्या फांदीवर आहे."

इतकी वर्षं जिच्या नावानं गप्पा हाणल्या, ती पाठीशी! पण हललो असतो तर पळाली असती. खांदे भरून आले, घामाच्या धारा लागल्या. "कानांवर केस... बा म्हणायचा तस्सेच," ती पुटपुटली. मग तेही थांबलं. त्या अंधारात मला रडू फुटलं, तरी हूं की चूं केलं नाही.

शेवटी तिनंच मला ओढून बाहेर काढलं. तिचेही डोळे ओले होते.

"गेली?"

"केव्हाच गेली रे. आयुष्यात पहिल्यांदा गप्प उभा होतास, तेच बघत होते मी."