छठीचं बोट

आज निकाल होता! ओमेश्वरीने सकाळीच पोराला, लोकेंद्रला, न्हाऊमाखू घातलं, अंगणात दहा फेऱ्या मारल्या आणि सासूवर खेकसली, "चला ना जी आई! एस्टी का आपल्यासाठी थांबून राहील?" शामकलाबाई मुकाट उठल्या. एरवी ही बाई मुकाट उठणाऱ्यातली नव्हे.

ओमेश्वरी पोटुशी असताना अर्जुनीच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हाच कळलं होतं: एचआयव्ही. तिचा खुशाल नावाचा नवरा कोहमाऱ्याहून ट्रक चालवायचा, त्याच्याकडून आलेला. ओमेश्वरीने त्याला असा फैलावर घेतला की बस! पण मग दोघांनीही गोळ्या सुरू केल्या. समुपदेशक रुचीताईंनी बजावलं, "गोळी रोज, आयुष्यभर. निरोध वापरायचाच. एका ताटात जेवून किंवा कडेवर घेऊन हा पसरत नाही. आणि पोराला सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं काही दिलं तर त्याच्या नाजूक आतड्याला इजा होते, मग दुधातून विषाणूला वाट मिळते."

बाळंतपण दवाखान्यात झालं, पोराला औषधाचे थेंबही लगेच सुरू झाले. कसं झकास चाललं होतं! पण सहाव्या दिवशी, छठीला, आजीने नातवाला गुळपाणी चाटवायचं, ही घरची रीत. ओमेश्वरीची पाठ वळल्याबरोबर शामकलाबाईंनी बोट पोराच्या तोंडात घातलंच. ओमेश्वरीने घर डोक्यावर घेतलं. "एका बोटानं काय होते वो?" असं म्हातारी म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून तिला घास गोड लागेना.

मधल्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. तरी अंगावरचं दूध तुटल्यानंतरची, दीड वर्षाची तपासणी हीच पक्की. तोवर दोघींच्या जिवाला घोर.

रुचीताईंनी आत बोलावलं. म्हातारी दाराबाहेरच राहिली.

"लोकेंद्र निगेटिव्ह आहे. त्याला एचआयव्ही नाही."

अगं बाई! ओमेश्वरीने पोराचे पटापट मुके घेतले आणि बाहेर धूम ठोकली. "आई, काही नाही निघालं! सुटला आपला पोरगा!"

"खरं सांगून राहिली?" शामकलाबाई भिंतीला टेकल्या.

"खरं जी! धरा याले."

म्हातारीने हात मागे घेतले. "नको. याच हातानं मी..."

"धरा म्हन्तो ना! माहे हात थरथरून राहिले, पडन तो!"

शामकलाबाईंनी नातवाला छातीशी घट्ट धरलं आणि भर दवाखान्यात भोकाड पसरलं.