बांधात गेलेल्या चार ओळी

भुजंग लातूरच्या म्युझियमचा मोठा साहेब झाला, ते जिल्हा नवा झाल्यावर. लोक सर म्हणतात. मी भुजंगाच म्हणते. आमच्या रेणापूरकडच्या गावातल्या बौद्धवाड्यातल्या केवळाबाईचा पोरगा, शिकून जुन्या वस्तू शोधायच्या सरकारी खात्यात लागलेला.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बाया तलावाच्या कामावर होतो. मातीतून एक लांबट दगड निघाला, अंगभर जुनी कानडी अक्षरं. मुकादम विरूपाक्ष म्हणाला, "दुपारी फोडून बांधात घालतो."

निरोप मिळाला तसा भुजंग सायकल हाणत आला. ओला कागद दगडावर ब्रशानं ठोकायचा, वर शाई लावायची, मग अक्षरं कागदावर उतरतात. पण त्याचं बाटलीतलं पाणी दगड धुण्यातच गेलं, अन् पहिला कागद उन्हानं तडकून फाटला.

"दगडाला तहान लागली का, सायेब?" विरूपाक्ष हसला. "घण आणा रं!"

भुजंग माझ्याकडं वळला. "वैनी, थोडं पाणी."

दोन कोसांवरून आणलेली एकच घागर. माझी तीन लेकरं बाभळीखाली झोपलेली. सासूबाईंनी घागरीच्या तोंडावर हात ठेवला. "लेकरं काय अक्षरं पितील?"

भुजंगाची आई विहिरीपाशी तास तास उभी राहायची, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. ओतणाऱ्यांत मी कधीच नव्हते. हे नेमकं तेव्हाच आठवायचं होतं!

मी घागर ओढली.

"घरात पाय ठिऊ नको!" सासूबाई ओरडल्या.

"बरं. आधी हात तर काढा."

भुजंग ओंजळीनं शिंपडायचा, ठोकायचा, पुन्हा शिंपडायचा. घणवाला डोक्यावर उभा. "झालं का, सायेब?"

"थांब ना बाबा!"

घागर अर्धी झाली. खालच्या चार ओळी राहिल्या होत्या. भुजंगानं लेकरांकडं पाहिलं, घागर माझ्यापुढं सरकवली.

"अजून घे," मी म्हटलं.

"न्हाई वैनी. बस झालं."

कागद वाळेस्तोवर त्यानं घणवाल्याला अडवून धरलं. मग कागद सोडवून घेतला अन् पाठ फिरवून उभा राहिला. घण पडला.

पुढं तोच लेख दुसऱ्या कुठल्या दगडावरही कोरलेला असेल, त्या चार ओळी तिथं सापडतील म्हणून देवणीपासून भोकरपर्यंत बांध न् बांध तुडवला त्यानं. सापडल्या नाहीत.

म्युझियम उघडलं तेव्हा मला गाडी पाठवली. कागद काचेत लावलेला. एका पाव्हण्यानं विचारलं, "खालचं कसं राहिलं?"

"राहून गेलं," भुजंग म्हणाला.

मी तोंड उघडलं, तसा माझ्या हातात कप देऊन म्हणाला, "वैनी, चहा निवून राह्यला."