कमी मापाचं चाक

मालन, माझी बायको, गेल्यापासून मी रोज संध्याकाळी दिवा लावताना तिच्या फोटोशी बोलतो. भाजी महागली, गुडघा दुखतोय, मुलगी हैदराबादहून फोनवर काय म्हणाली — सगळं सांगतो. हे मात्र तिलाही सांगितलेलं नाही. ऐकून ती फोटोतसुद्धा तोंड फिरवेल असं वाटतं. हसू नका, एकट्या माणसाला असल्याच भीत्या असतात. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीनं बरंच आहे.

मी टर्नर. सगळी नोकरी नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत, लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर. स्वभाव तिरसट. कुणाचं काम पटलं नाही की तोंडावर बोलायचो, त्यामुळे कामाला मान होता, पण डबा खायला शेजारी कुणी बसायचं नाही. माझा जॉब कधी परत आला नाही, एवढं मात्र खरं. तपासणीवाला माझा तुकडा न मोजताच पुढं सरकवायचा. याची मला फार घमेंड होती.

रिटायर झाल्यावर एका बंद पडलेल्या वर्कशॉपचा छोटा लेथ घेतला आणि बोल्हेगावच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. पुढं मालन गेली. मी राहिलो आणि लेथ राहिला. दिवसचे दिवस माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. दुधवाल्याशी बोलायला लागलो की घसा खरखरायचा — हे कधी अनुभवलंय तुम्ही?

जयवंत आमच्याच कंपनीत स्टोअरला होता. मूळचा मालवणकडचा, पण इथंच लग्न केलं, इथंच घर बांधलं, बोलणंही इथलंच झालं. नोकरीत असताना आमची ओळख 'काय, बरंय का' एवढीच. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलो, तेव्हा त्यानं विचारलं, समुद्रात गळानं मासे गरवायचं जुनं रीळ दुरुस्त होतं का. मी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. म्हणालो, "घेऊन ये. लोखंड-पितळ असंल तर हुतंय."

पुढच्या रविवारी तो आला. जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं ते रीळ त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं. दोन्ही अंगांना जुन्या रेडिओच्या बटणासारख्या काळ्या चकत्या, मधे तंगूस — म्हणजे ती नायलॉनची दोरी — गुंडाळायचा नळा, एका बाजूला हँडल. खाऱ्या पाण्यानं पितळ हिरवं पडलेलं, स्क्रू जागच्या जागी धरलेले. हँडल तसूभर हलत नव्हतं. त्याचे वडील, आबा, बोटीवर खलाशी होते, कुठल्याशा परदेशी बंदरातून त्यांनी ते आणलेलं. दोघं भाऊ त्याच्यावरच गरवायला शिकले. वडील गेल्यावर वाटणीत भांडण झालं आणि जयवंत रागानं रीळ उचलून नगरला आला. ना इथं समुद्र, ना मासा! ते ट्रंकेत पडून गंजत राहिलं आणि तिकडे भाऊ बोलायचा बंद झाला.

आता इतक्या वर्षांनी त्या भावाचा, विष्णूदादाचा, फोन आला होता. छातीचं दुखणं, दम लागत होता. जमीन नको, घर नको, फक्त एवढंच म्हणाला होता की आबांचं रीळ घेऊन ये, एकदा दोघं खडकावर बसू. जयवंतानं ठरवलं होतं, शिमग्याला जायचं. पण गंजलेलं रीळ घेऊन कसं जाणार? "चालतं करून नेलं तर त्याला तोंड दाखवता येईल," असं तो म्हणाला.

काय है, सांगायचं ते सोडून मी इकडचं तिकडचं सांगतोय. पण ते रविवार तुम्हाला कळायला हवेत.

तो सकाळी यायचा, येताना गरम भजी आणायचा. स्कूटरची किल्ली टेबलावर टाकायचा आणि स्टुलावर बसायचा. रॉकेलमध्ये भिजवून मी एकेक स्क्रू सोडवला. मासा जोरानं ओढायला लागला की तंगूस तुटू नये म्हणून आत ब्रेक असतो. त्याच्या चामड्याच्या चकत्या कुजून गेल्या होत्या, त्या जागी पुण्याहून कार्बनचा पत्रा आणून नव्या कापल्या. पितळी बुश काढून बारके बेअरिंग बसवले. आणि हँडलचा जोर नळ्याला देणारं जे छोटं दातेरी चाक असतं, पिनियन, ते पार झिजलेलं होतं. ते पितळेऐवजी स्टेनलेस स्टीलमध्ये नवीन काढलं, दाते तेवढे नागापुरातल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून पाडून घेतले. मी काम करायचो आणि जयवंत समुद्राबद्दल बोलायचा. भरती, खडक, तांबोशी गळाला लागली की हाताला कसा हिसका बसतो. सोमवारपासून मी रविवारची वाट बघायचो. शनिवारी दाढी करायचो. कुणासाठी? स्टोअरमधल्या माणसासाठी!

संक्रांतीच्या आधीच रीळ तयार झालं.

हे वाक्य मी आजवर मोठ्यानं उच्चारलेलं नाही. तयार झालं होतं. तपासायला मासा कुठून आणणार, म्हणून शेजारच्या सिंधूबाईंचा बोकड, घोडेगावच्या बाजारातून नवीनच आणलेला, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला तंगूस बांधली. सिंधूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, त्यो बोकड हाय, त्याला पोहाया न्हाई येत!" बोकड उधळला. रीळ कर्र्र करत सुटलं, ब्रेकनं त्याला हळूहळू रोखलं, आणि मी हँडल फिरवून त्याला पार अंगणापर्यंत ओढून आणला. एक दाता घसरला नाही. मी एकटाच हसलो. हसता हसता लक्षात आलं, आता हे जाणार. जॉब झाला की टेबलावर राहत नाही, तो नियमच आहे. आणि त्याच्यामागं रविवारही जाणार.

त्या रविवारी मी जयवंताला सांगितलं, पिनियन जुळत नाही. का सांगितलं? वाटलं, एकच रविवार. पुढच्या खेपेला तो म्हणाला, "दाखव तरी, कुठं अडतंय."

तेव्हा मी — आता लिहितोच — तेव्हा मी लेथवर जाणूनबुजून कमी मापाचं चाक काढलं. दिसायला सुंदर, पण व्यास कमी. दाते नीट एकमेकांत शिरणारच नाहीत, भार आला की घसरणार. दाते पाडायला वर्कशॉपमध्ये दिलं, तिथल्या माणसानं मोजलं आणि म्हणाला, "काका, अंडरसाइज हाय ओ हे." मी म्हणालो, "असू दे, तसंच पाहिजे." त्यानं दाते पाडून दिले. माझ्याशी मापावरून वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

चांगलं चाक मी चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि हे खराब चाक रिळात बसवलं. जयवंतानं हँडल फिरवलं, चाक खर्रकन घसरलं. माझी मान खाली. आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे रे भानुदास. परत काढू. तू लई जीव लावतो, मला दिसत नाय का?" नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मला तर नाचता येत होतं, तरी मी अंगणाला नावं ठेवत होतो. लेथ जुना झाला, टूल बरोबर नाही, स्टीलचा बार हलका लागला — काय काय सांगितलं त्याला! आणि चांगलं चाक हाताच्या अंतरावर, डब्यात.

एका रविवारी त्यानं भावाला फोन लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. पलीकडून दम लागलेला आवाज आला. "भानुदासभाऊ, झाला काय आमचा रीळ? घाई नाय हां. पण शिमग्याक जयवंताक धाडा. माका आता लय दम लागता." मी त्या डब्याकडे बघत म्हणालो, "थोडंच राहिलंय, दादा." ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याला दादा म्हणालो आणि खोटं बोललो. एकटेपणानं माणूस दुबळा होतो असं लोक म्हणतात. मी दुबळा नव्हतो हो, मी चांगला हुशारीनं वागत होतो.

शिमगा गेला. जयवंत गेला नाही. मे महिन्यात निवांत जाऊ म्हणाला, तोवर तुझं होईल. मी मान हलवली.

पाडव्यानंतर एका सकाळी त्याचा फोन आला. "भानुदास, दादा गेला. गाडीत बसतोय." पाठीमागं स्टँडवरचा गोंगाट ऐकू येत होता. मी तेव्हा म्हणू शकलो असतो, थांब, रीळ घेऊन येतो, तयार आहे. चिता पेटायच्या आधी निदान त्याच्या उशाशी तरी ठेवता आलं असतं. रिक्षानं स्टँडवर पोचायला मला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणालो, "सांभाळून जा." आणि फोन ठेवला.

तो बारावं करून परत आला, तोवर मी चांगलं चाक बसवलं होतं. रविवारी आला तेव्हा रीळ बनियनमध्ये गुंडाळून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं हँडल फिरवलं. कर्र्र असा तो आवाज शेडभर घुमला, अगदी एकसारखा. तो ऐकत राहिला, मग रडायला लागला. म्हणाला, "दादाला एवढं ऐकवायला पाहिजे होतं. पन तू तरी काय करणार, तू तर रातंदिवस झटला." मी पाणी आणायला आत गेलो आणि बराच वेळ आतच उभा राहिलो. घरात मालनचा फोटो होता, तिकडे मी पाहिलं नाही.

बाहेर आलो तर ते खराब चाक त्याच्या हातात होतं. टेबलावरच पडलेलं होतं, मला फेकून द्यायचंही सुचलं नव्हतं. तो म्हणाला, "हे मला दे. किल्लीला लावतो. तू किती खपला त्याची आठवन."

मी दिलं.

रीळ आता त्याच्या घरी शोकेसमध्ये आहे. समुद्राला ते लागलंच नाही. मला वाटलं होतं, काम संपलं, आता तो यायचा नाही. पण तो येतो. दर रविवारी, भज्यांसकट. म्हणतो, दादा गेला, आता तूच मला दादाच्या जागी. स्टुलावर बसतो, समुद्राचं बोलतो, आणि मला त्यातलं काहीही ऐकू येत नाही. तो समोर असताना मी जितका एकटा असतो, तितका मालन गेली तेव्हाही नव्हतो.

परवा तो हात धुवायला मोरीत गेला होता. किल्ली टेबलावर होती. मी ते चाक बोटांत धरून फिरवलं. खिशात राहून त्याचे दाते गुळगुळीत झालेत, चकाकतंय. मोजायला व्हर्नियर लागत नाही मला, बोटांना कळतं, कमी आहे. तो येऊन बसला, चहा प्यायला, किल्ली उचलून खिशात टाकली आणि म्हणाला, "येतो मग पुढच्या रविवारी."

मी म्हणालो, "ये."