उलटं चालणारा माणूस

“अजून एकच.”

मोजणीदारांचे हे दोन शब्द कानावर पडले की आमच्या ऑफिसातली माणसं हातातला चहा टेबलावर ठेवून देत, कारण तो आता गारच प्यायचा हे ठरलेलं असे. डावा डोळा मिटलेला, जीभ किंचित बाहेर, कोपरं बरगड्यांना टेकलेली आणि गुडघे असे वाकलेले की परक्याला वाटावं, हा माणूस आता उडी मारणार. उडी ते मारत नसत, फोटो काढत. मग कॅमेऱ्याच्या पाठीवर बघत, तोंड वाकडं करत आणि म्हणत, “अजून एकच.” जमिनी इंच-इंच मोजून देणाऱ्या माणसाला एकच्या पुढचा आकडा येत नव्हता.

ते उदगीरला मोजणीदार होते आणि मी त्याच ऑफिसात कारकून, नांदेडहून बदलून आलेला. बांधावरून भांडणाऱ्या भावकीत उभं राहून हद्द दाखवायची, हे त्यांचं काम. तुम्ही कधी मोजणीच्या वेळी शेतात उभे राहिला असाल तर तिथली हवा तुम्हाला ठाऊक असेल. एका बाजूला एक भाऊ, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि मधे यंत्र घेऊन आमचा माणूस, ज्याचा दोघांनाही संशय.

एकदा असेच दोन चुलतभाऊ. कित्येक वर्षांत एकमेकांशी बोललेले नव्हते. काय सांगायचं ते मोजणीदारांना सांगत आणि मोजणीदारांनी ते चार हातांवरच्या दुसऱ्याला सांगायचं. हद्दीचा दगड रोवून झाला आणि मोजणीदारांनी पिशवीतून कॅमेरा काढला.

“दोघंबी दगडाजवळ या. नकाशासंगं फोटो लागतो.”

असा काही नियम नाही. मी कारकून आहे, मला विचारा. दोघे आले, दगडाच्या दोन बाजूंना उभे राहिले, माना दोन दिशांना.

“जरा जवळ. अजून. अहो, फ्रेमात बसून नाही राहिले तुम्ही. खांदा लावा खांदा.”

खांद्याला खांदा लागला. एकाला हसू फुटलं, मग दुसऱ्याला. यांनी अकरा फोटो काढले. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. ते वरच्या कोर्टात गेलं. पण दोघांनीही तो फोटो मागून नेला, आणि तारखेला दोघे एकाच मोटरसायकलवर जाऊ लागले.

ऑफिसचे सत्कार-समारंभ अर्थातच त्यांच्या गळ्यात. सत्काराचं तुम्हीही पाहिलं असेल, तिथे नारळ कोणी देत नाही आणि कोणी घेत नाही. दोघे मिळून तो धरतात आणि कॅमेऱ्याकडे बघत गोठतात. आमचा शिपाई निवृत्त झाला तेव्हा मोठे साहेब असेच गोठले. कॅमेऱ्याचा आवाजच येईना.

“काय झालं?” साहेबांनी ओठ न हलवता विचारलं.

“साहेब, तुम्ही माझ्याकडं कशाला बघून राहिले? मी कुठं रिटायर होऊन राहिलो? त्याच्याकडं बघा की. रोज पाणी त्यानंच दिलं ना तुम्हाला?”

साहेबांनी शिपायाकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच नीट. शिपाई लाजला, साहेब गडबडले, नारळ पडला. फोटो सुंदर आला. साहेबांनी तो फलकावर लावू दिला नाही.

आता तुम्ही म्हणाल, माणूस मोठा रसिक दिसतो. होताच. पण रसिकतेची झळ घरच्यांना लागत होती. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा ताट वाढून झालं आणि हे खुर्चीवर चढले, ताटाचा फोटो वरून काढायला. वहिनी म्हणाल्या, “बसा हो भाऊजी, सवय करून घ्या. आमच्यात आधी कॅमेऱ्याला निवद दाखवतात, मग माणसाला वाढतात.”

“अगं, एकच.”

“लेकीच्या बारशालाबी एकच होतं. पोरीचं नाव कानात सांगायच्या टायमाला ह्यांचा सेल संपला, तर सेल घालेपर्यंत आत्याला थांबवून ठेवलं.”

ते खुर्चीवरून हसले. फोटोही हलला.

डिसेंबर-जानेवारीत उदगीर-लातूरकडे येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, असते. आमच्या नांदेड शहरात त्या दिवशी दुकानं उघडी असतात, पण इकडे बाजारपेठ ओस पडते आणि सगळा गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग पालेभाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील असं काही जेवायचं की संध्याकाळपर्यंत माणसाने कोणताही निर्णय घेऊ नये. जेवणाआधी पिकाभोवती फेरी असते. घरातला वडीलधारा पुढे चालत पाल्याच्या जुडीने आंबील शिंपडतो आणि एक आरोळी देतो. मागून चालणाऱ्याने तिचा उरलेला अर्धा भाग म्हणायचा. शब्द कानडी वळणाचे. अर्थ मी सहा जणांना विचारला आणि सात उत्तरं मिळाली.

पहिल्या वर्षी मी पाहुणा म्हणून गेलो. त्यांचे वडील, आप्पा, तेव्हाच ऐंशीच्या घरात. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, काखेत आंबिलीचं मडकं. फेरी निघाली. आप्पांनी आरोळी दिली. मागून उत्तर कोणी द्यायचं? एकुलता एक मुलगा तर आप्पांच्या पुढे तीसेक फुटांवर, उलटा चालत, डोळ्याला कॅमेरा लावून.

आप्पांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. “पाव्हणं, तुमच्या तोंडाला काय झालं?”

मग मी ओरडलो. पुढची पाच वर्षं मीच ओरडत होतो. आप्पा लोकांना सांगत, “नांदेडचा हाय, पण बरा हाय. माझ्या पोराच्या जागी वरडून राहिला.”

त्या पोराला एक फोटो हवा होता. आंबिलीचे थेंब हवेत, मागे ऊन, आणि त्या थेंबांतून दिसणारा आप्पांचा चेहरा. दर वर्षी काहीतरी बिनसायचं. कधी आप्पांचे डोळे मिटलेले, कधी मधे शेजारच्याचा ट्रॅक्टर, दोनदा माझी टोपी. एका वर्षी ते उलटे चालता चालता हरभऱ्यात आडवे झाले. आप्पा थांबले नाहीत. जाता जाता म्हणाले, “घाटे मोडू नको. मंग ऊठ.”

“आप्पा, परत एकदा शिंपडा की हितं. अजून एकच.”

“भुईला एकदाच द्यायचं असतंय. तुझ्या डब्यासाठी दोनदा देऊ व्हय?”

मग लातूरला हौशी छायाचित्रकारांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला दीपप्रज्वलन होतं. पंख्याने ज्योत तीनदा विझली आणि प्रमुख पाहुण्यांनी ती तीनदा तितक्याच गंभीरपणे लावली. आमच्या मोजणीदारांचे येळवसीचे चार फोटो होते, हवा तो नसला तरी चांगले. एका फोटोसमोर चष्मा लावलेली एक म्हातारी बाई बराच वेळ उभी होती. शेताच्या कोपऱ्यावर थांबलेले आप्पा, ओठ उघडे.

“तुम्ही काढलाय का?” तिने यांना विचारलं. “लई झ्याक. बाबा काय म्हणून राहिले हो हितं?”

यांनी आपल्याच फोटोला नाक लावून बघितलं.

“कोपऱ्यावर थांबून काहीतरी म्हणून राहिले की,” ती म्हणाली. “आमचं मामंजीबी म्हणायचे. तुमचं काय म्हणतात?”

“विचारून सांगतो,” हे म्हणाले. ती पुढच्या फोटोकडे गेली.

परतताना एसटीत अहमदपूरचा फाटा मागे पडल्यावर म्हणाले, “माझ्याकडं आप्पाच्या फेरीचे दोन हजार फोटो हायेत. त्यातले चारशे तरी कोपऱ्यावरचे. ओठ उघडे हायेत सगळ्यांत.” मग माझ्याकडे वळले. “तुम्ही मागं असता. तुम्हाला ऐकू येत असंल.”

येत होतं. आप्पा प्रत्येक कोपऱ्यावर थांबत आणि हळू आवाजात नावं घेत. पहिल्या कोपऱ्यावर वाडवडिलांची. दुसऱ्यावर बायकोचं, विहीर खणताना दगावलेल्या एका गड्याचं. तिसऱ्यावर बैलांची. चौथ्या कोपऱ्यावरचं तर मला पाठ होतं. पण मी कारकून माणूस. जे कागद ज्याच्या नावाचे त्याच्याच हातात देतो.

“येतं ऐकू,” मी म्हणालो. “सांगणार नाही. तुमचे आप्पा आहेत, तुम्ही ऐका.”

“तीस फुटांवरून कसं ऐकू?”

“तेच म्हणतोय.”

पुढचे चार दिवस ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

त्या वर्षी येळवसीच्या सकाळीच आप्पांनी जाहीर करून टाकलं. मडकं काखेत मारत म्हणाले, “ही माझी शेवटची फेरी. गुडघं न्हाई म्हणून राहिलेत. पुढल्या साली ह्यो करंल.” मग मुलाकडे बघून, “तुला काय येतंय का पण? का नुसते फोटोच दावशील भुईला?”

आणि ऊन काय पडलं होतं! रात्रीचं धुकं नुकतं उठलेलं, ज्वारी कमरेला आलेली, करडईवर दव. मला फोटोतलं काही कळत नाही, पण मलाही कळलं की ज्या उन्हाची हा माणूस इतकी वर्षं वाट बघत होता ते हेच. त्यांनाही कळलं होतं. कॅमेरा गळ्यात होता, बोट बटणावर होतं, आणि पाय सवयीने आप्पांच्या पुढे निघाले होते. दहा-बारा पावलं गेले. उलटे झाले. गुडघे वाकवले. डावा डोळा मिटला.

आप्पांनी आरोळी दिली. मी उत्तर दिलं नाही.

आप्पांनी पुन्हा दिली. मी गप्प. आप्पा वळून म्हणाले, “पाव्हणं, तुमचाबी सेल संपला का?”

यांनी डोळ्यावरचा कॅमेरा खाली घेतला. एकदा उन्हाकडे बघितलं, एकदा वडिलांकडे. मग तरातरा आले आणि पट्टा माझ्या गळ्यात घातला. “नुसता धरा. काय दाबू नका.” आणि आप्पांच्या मागे जाऊन उभे राहिले.

आवाज पहिल्यांदा चिरका निघाला. वहिनी कोपेतून हसल्या. दुसऱ्यांदा बरा. पहिल्या कोपऱ्यावर आप्पा थांबले आणि नावं सुरू झाली. पणजोबांचं नाव यांना ठाऊक होतं. त्यांच्या बापाचं नव्हतं. ते ओठांनी पुटपुटत पाठ करत होते, शाळेतल्या पोरासारखे. दुसऱ्या कोपऱ्यावर आईचं नाव आलं तेव्हा त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. तिसऱ्यावर काळ्या, मोऱ्या आणि एक नुसताच ‘वाकड्या शिंगाचा’.

चौथ्या कोपऱ्यावर आप्पांनी जुडी मडक्यात बुडवली, डोळे मिटले आणि दर वर्षीचं म्हणायला लागले. “आणि माझं पोरगं उलटं चालून राहिलंय. त्याला पडू दिऊ नगंस. त्याच्या पायात दगड यिऊ...”

मधेच थांबले. डोळे उघडले. मागे वळून बघितलं.

“सुलटा हायेस व्हय आज? बरं.” आणि पुन्हा भुईकडे वळून, “ऱ्हाऊ दे मंग ह्या साली.”

यांना हसू आलं. ते हसता हसता खाली बसले, बांधावर, चेहरा दोन्ही हातांत धरून, आणि बराच वेळ खांदे हलत राहिले. आप्पा वाट बघत उभे होते. “ऊठ,” ते म्हणाले. “आंबील आंबून चालली.”

मी एकदा बटण दाबलं होतं, हे कबूल करतो. फोटोत माझा अंगठा आहे, भरपूर ज्वारी आहे आणि कमरेखालचे दोन माणसांचे पाय आहेत, एक जोडी आंबिलीने भिजलेली, एक अनवाणी. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

“फोकस ज्वारीवर हाय,” ते म्हणाले. “अंगठा तेवढा कापता येईल.”

कापला नाही. फोटो त्यांच्या बैठकीत आहे, अंगठ्यासकट.

फोटो त्यांनी सोडले असं समजू नका. जेवणं झाल्यावर त्यांनी भज्जीच्या रिकाम्या पातेल्याचे नऊ फोटो काढले आणि वहिनींनी त्यांना त्याच पातेल्यासाठी विहिरीवर पाठवलं.

नंतर मी निवृत्त होऊन नांदेडला परत आलो. आप्पा दोन येळवसी कोपेत बसून होते, तिथूनच ओरडून चुका काढत. “डावीकडं शिंपड, डावीकडची ज्वारी काय सावत्र हाय का?” मागच्या उन्हाळ्यात गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास न देता.

या येळवसीला मी नांदेडच्या बाजारात मेथी निवडत उभा होतो. फोन वाजला.

“मी शेतात हाय,” ते म्हणाले. “लेकीला पुण्याहून सुट्टी न्हाई भेटली. ही कोपेत चुलीपाशी हाय, मागं कोणीच न्हाई. फोन खिशात ठेवून राहिलो. तुम्ही म्हणा.”

आधी नुसता शर्टाचा घासण्याचा आवाज आला, मग ज्वारीची पानं. मग त्यांची आरोळी. माझ्यासमोर मेथी, कोथिंबीर आणि निदान पन्नास माणसं. मी उत्तर दिलं. ठीक ऐकू गेलं नसेल म्हणून दुसऱ्यांदा जरा मोठ्याने दिलं. भाजीवाली बाई जुडी हातात धरून बघत राहिली.

“काका, तब्येत बरी हाय ना?”

मी मान हलवली. फेरी चालली होती. पहिल्या कोपऱ्यावर ते थांबले आणि नावं घ्यायला लागले, एकही न चुकता, सगळ्यात जुन्या माणसापासून खाली. शेवटी आप्पांचं नाव आलं. त्यानंतर आंबील पानांवर पडल्याचा आवाज आला, एकदाच. मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो, पुढची आरोळी येईपर्यंत.